कळा त्याच, साल निराळं

तुला कळा येताहेत आणि बाळ पोटात आडवं आहे. एवढं आपण बदलायचं नाही. गावही नागपूरच ठेवायचं. बदलायचं ते फक्त साल.

1880. तू महाल भागातल्या एका वाड्यात, मागच्या खोलीत आहेस. खिडकी लावून घेतलेली, कोनाड्यात दिवा, सारवलेल्या जमिनीचा ओलसर वास. ही दुसरी रात्र. एम्प्रेस मिलचा भोंगा वाजतो तेव्हा बाहेर सकाळ झाल्याचं तुला कळतं. सुईण पोटावर तेलाचा हात फिरवते, थांबते, पुन्हा फिरवते. "भेऊ नको माय," ती तुला म्हणते आणि सासूकडे वळून हळूच सांगते, "लेकरू आडवं हाये." मेयो दवाखाना गावात आहे, पण तिथला डॉक्टर पुरुष. त्याला या खोलीत कुणी आणणार नाही.

आणला तरी तो काय करणार? आत हात घालून मूल फिरवायला दुसऱ्या रात्री फार उशीर झालेला. पोट चिरून मूल काढता येतं हे त्यानं वाचलेलं आहे. पण गर्भाशय शिवायचं नाही, ते आपोआप आकसून मिटतं, असं त्याच्या पुस्तकांत लिहिलंय. ते नेहमी मिटत नाही. बहुतेकदा बाई रक्तस्रावानं जाते, नाहीतर काही दिवसांनी तापानं. म्हणून बाईला वाचवायचंच असेल तर मुलाचे तुकडे करून ते बाहेर काढायचं, हा त्या काळच्या डॉक्टरांचा उपाय. सुईणीला दोष देणं सोपं आहे. मला ते पटत नाही. तिच्याजवळ अवजार नव्हतं, आणि डॉक्टरजवळ जे होतं त्यानं तुम्ही दोघं वाचला नसता. तुझा हात धरून शेवटपर्यंत बसून राहते ती सुईणच.

दोनच वर्षांनी, 1882 मध्ये, जर्मनीत लाइपझिगला माक्स झेंगर नावाचा तरुण डॉक्टर लिहितो की गर्भाशयालाही टाके घातले पाहिजेत, आणि ते कसे घालायचे हेही दाखवतो. त्याआधी 1876 मध्ये इटलीत एदुआर्दो पोरोनं बाईला वाचवण्यासाठी बाळाबरोबर गर्भाशयच काढून टाकलं होतं. सिझरचं नाव काढलं की आपल्याला चाकू आठवतो. बायका वाचल्या त्या सुईदोऱ्यामुळे.

1898. आता तू दमणीत आहेस आणि दमणी सीताबर्डीकडे निघाली आहे. तिथे स्कॉटिश मिशनचा मुरे मेमोरियल दवाखाना आहे, 1896 मध्ये सुरू झालेला. डॉक्टर बाई आहे म्हणून सासऱ्यांनी हो म्हटलं. नाकाशी रुमाल येतो, क्लोरोफॉर्मचा गोडसर वास येतो आणि खोली दूर जाते. डॉक्टरीणबाई आत हात घालून बाळाचा पाय शोधते आणि त्याला फिरवून पायाकडून ओढून घेते. बाळ जगलं तर सारा गाव त्याला पायाळू म्हणेल. पण तू फार उशिरा आली असशील, गर्भाशय बाळाभोवती आवळून बसलं असेल, तर फिरवताना ते फाटू शकतं. हे तिला माहीत आहे, म्हणून तिचा हात सावकाश चालतो. तिच्याच देशात, ग्लासगोमध्ये, मुडदुसानं कंबरेची हाडं वाकलेल्या बायकांवर मर्डॉक कॅमरननं 1888 पासून सिझर करून दाखवलं आहे. पण त्यासाठी शिकलेले हात लागतात, उकळलेली अवजारं लागतात, आणि बाई वेळेवर यावी लागते. ही शेवटची अडचण नागपुरात, आणि नागपूरच्या आसपासच्या खेड्यांत, फार वर्षं टिकली.

1955. मेडिकलची, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची, प्रचंड इमारत. कॉलेज 1947 साली निघालेलं. इथे तुझं सिझर होतं आणि तुम्ही दोघंही जगता. इथपर्यंत येताना काय काय जमा झालं ते बघ: रक्तगट ओळखून दिलेली रक्ताची बाटली, पेनिसिलिन, आणि ग्लासगोच्याच मन्रो कर यांनी 1920 च्या दशकात रुळवलेला, गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागावरचा आडवा छेद. वरच्या जाड स्नायूवरच्या उभ्या छेदापेक्षा त्यातून कमी रक्त जातं आणि तो पक्का भरतो. आजही बहुतेक ठिकाणी तोच घेतात.

आता आजचं साल. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या आसपास. डागा दवाखाना असो, मेडिकल असो की धंतोलीतलं एखादं खासगी रुग्णालय, टेबलावर तुला पाठ वाकवून बसवतात. मणक्यात बारीक सुई जाते, पाय ऊबदार होतात, जड होतात, मग तुझे राहत नाहीत. छातीसमोर हिरवा पडदा. दुखत नाही, पण आत कुणीतरी ओढतंय, ढकलतंय हे स्पष्ट जाणवतं. घाबरू नकोस, ते तसंच असतं. कातडी, चरबी, पोटाचं जाड आवरण, बाजूला सारलेले स्नायू, आतला पडदा, खाली सरकवलेली लघवीची पिशवी आणि मग गर्भाशय. काही मिनिटांत रडणं ऐकू येतं. शिवायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तुला हुडहुडी भरते, दात वाजतात. बाळ छातीशी द्यायला सांग, त्याला तिथेच पाजता येतं.

दुसऱ्या दिवशी नर्स म्हणते, उठा. पोट फाटेल असं वाटतं. कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठ. खोकताना पोटाशी उशी धर. चालणं टाळलंस तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दुखण्यावरच्या गोळ्या मागायला संकोचू नकोस, अंगावर पाजतानाही चालतील अशाच त्या देतात.

मग घर. मला सर्वांत जास्त बोलायचंय ते इथे. शस्त्रक्रिया दीडशे वर्षांत एवढी पुढे आली, पण बाळंतिणीची खोली पुष्कळ घरांत महालातल्या त्या वाड्यातच राहिली. "पाणी कमी पेत जा, टाके पिकतीन," आत्या प्रेमानं सांगते. कूलर बंद, कानाला रुमाल, बाजेखाली शेगडी. नागपूरच्या मे महिन्यात! टाके पाण्यानं पिकत नाहीत, जंतूंनी पिकतात. पाणी कमी पडलं तर बद्धकोष्ठ होतं, कुंथताना टाके ओढतात, लघवीचा जंतुसंसर्गही होऊ शकतो. भात खा, वरण खा, कूलर लाव. आणि पुढे कंबर दुखली की दोष मणक्यातल्या सुईला जातो. ती कायमची कंबरदुखी देत नाही. वाकून पाजणं आणि सैल पडलेले पोटाचे स्नायू देतात.

ताप, जखमेतून पू, दुर्गंधी असलेला स्राव, तासाला एक पॅड भिजेल असा रक्तस्राव, एकाच पोटरीला सूज, धाप, किंवा तुला येणारं, न थांबणारं रडू: यातलं काहीही झालं तर सव्वा महिना संपण्याची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

भेटायला येणारे विचारतील, "नॉर्मल नाही झालं का?" 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण चारातल्या एका बाळाचा जन्म सिझरनं झालेला आढळला. देशभरात खासगी दवाखान्यांत हे प्रमाण शंभरात 47, सरकारीत 14. एवढी तफावत केवळ बायकांच्या शरीरांमुळे पडत नाही, हे मला ठामपणे म्हणायचंय. सिझर का, हा प्रश्न डॉक्टरला विचारायचा, शस्त्रक्रियेआधी, मोकळेपणानं. टाक्यांवर हात धरून पाजणाऱ्या बाईला तो विचारू नये. तुझं बाळ आडवं होतं. तुला आळस नव्हता, कळांची भीतीही नव्हती.

अजून एक साल बाकी आहे, पुढचं. दोन-तीन वर्षांनी तुला पुन्हा दिवस राहतील. पहिलं सिझर म्हणजे दुसरंही सिझरच, असं नाही. आडवा छेद असेल, मध्ये पुरेसं अंतर असेल, बाळ सरळ असेल आणि गरज पडल्यास लगेच शस्त्रक्रिया होईल अशी जागा असेल, तर पुष्कळ जणींची प्रसूती खालून होते. त्यासाठी सुट्टी मिळताना मिळालेला कागद जपून ठेव. बाहेरच्या व्रणावरून आतलं काही कळत नाही. गर्भाशयावर छेद कसा घेतला, हे कागदावर लिहिलं नसेल तर घरी निघण्याआधी लिहून घे.