सुट्या भागांची वाट: शिवडी ते नेरे

मोटारीचा इतिहास आपल्याकडे सहसा गाडी नवी असतानाच लिहिला जातो. गावात पहिली मोटार कोणाची आली, तिला पाहायला किती गर्दी लोटली, संस्थानिकांच्या गाड्यांच्या मुठी चांदीच्या होत्या की नाही, या गोष्टी आठवणींतून आणि आत्मचरित्रांतून पुष्कळ सापडतात. ती गाडी चार वर्षांनी बंद पडली तेव्हा काय झाले, याबद्दल मात्र क्वचितच कोणी लिहिते. वास्तविक आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला खरे साहित्य तेथेच मिळावे. गाडी एकदाच विकत घेतली जाते. तिचा सुटा भाग पुन्हा पुन्हा मागवावा लागतो. हा भाग परदेशात तयार होत असेल, तर प्रत्येक वेळी दोन प्रश्न उभे राहतात: त्याचे पैसे कोणत्या चलनात आणि कोणाच्या परवानगीने द्यायचे, आणि तो येथवर आणायचा कसा. या दोन प्रश्नांची उत्तरे गेल्या शंभर वर्षांत ज्या रीतीने बदलत गेली, त्यातून मुंबई आणि तिच्या आसपासच्या मुलखाचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो.

आरंभीची वर्षे या दृष्टीने सोपी होती. फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये भारतात आपली शाखा काढली आणि १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला. गाड्या पेट्यांतून सुट्या येत आणि येथे जोडल्या जात. म्हणजे मुंबईकरांच्या दृष्टीने मोटार ही मुळातच सुट्या भागांच्या रूपाने गोदीत उतरलेली वस्तू होती. १९२७ नंतर रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स असा बांधलेला होता. तो फार चढा आहे अशी येथल्या व्यापाऱ्यांची तक्रार होती आणि ती रास्तही होती. पण चढ्या रुपयाने परदेशी माल स्वस्त पडे, हे मोटारमालकाच्या पथ्यावरच पडले. दांडा तुटला तर किंमत मोजावी लागे, परवानगी मागावी लागत नसे.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि हे चित्र पालटले. भारत संरक्षण नियमांखाली परकीय चलनावर नियंत्रण आले. साम्राज्यातील देशांनी मिळवलेले डॉलर लंडनच्या सामाईक गंगाजळीत जाऊ लागले, आणि त्यातून कोणाला किती द्यायचे हे युद्धाच्या गरजांवर ठरू लागले. खिशात रुपये आहेत म्हणून अमेरिकेतला माल घेता येईल, हे गृहीत त्या दिवशी संपले. ते पुरतेपणी परत यायला पुढे पंचावन्न वर्षे लागली.

याचा पहिला मोठा फटका वालचंद हिराचंदांना बसला. भारतात मोटारींचा कारखाना काढावा ही योजना मुळात सर विश्वेश्वरय्यांची, १९३०च्या दशकाच्या मध्यातली. मुंबई प्रांतात १९३७ साली आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळाची तिला सहानुभूती होती. वालचंदांनी ती हाती घेतली आणि अमेरिकेत बोलणी केली. फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी जमले. परंतु कारखान्याची यंत्रे आणायला डॉलर हवेत आणि जहाजांत जागा हवी. युद्धकाळात सरकार यांपैकी काहीही देण्यास राजी नव्हते. यातला उपरोध लक्षात घ्यावा. ज्या माणसाने १९१९ साली 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला पाठवून सिंदिया कंपनीचा आरंभ केला, त्यालाच आपल्या पेट्यांसाठी जहाजात जागा मिळत नव्हती. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना अखेर १९४४ मध्ये झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या त्या १९४७ मध्ये. साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. वालचंदांचे मोठे चरित्र लिहिले ते गं. दे. खानोलकरांनी, म्हणजे 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक'कारांनी. उद्योगपतीचे चरित्र लिहायला वाङ्मयाचा चरित्रकार बसतो, हा योग आपल्याकडे दुर्मीळच. आणि मराठी अभ्यासक्रमांत खानोलकरांचे हे पुस्तक कोणी वाचायला लावल्याचे ऐकिवात नाही.

युद्धकाळात ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांचे काय झाले, हे थोडक्यात सांगता येईल. पेट्रोल शिधापत्रिकेवर आले. १९४२ मध्ये मलाया जपानच्या हाती गेल्यावर रबर दुर्मीळ झाले आणि टायरांवर नियंत्रण आले. मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसवून त्या गॅसवर चालवल्या गेल्या. युद्ध संपले की हे सारे सरेल अशी लोकांची समजूत होती. नियंत्रणे गेली नाहीत. १९४७ साली परकीय चलन नियमन कायदा आणि आयात-निर्यात नियंत्रण कायदा असे दोन कायदे झाले आणि तात्पुरत्या नियमांना पक्के घर मिळाले.

या व्यवस्थेचा अर्थ काय होता, हे समजून घ्यायला एस.टी.चे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, हे बहुतेकांना ठाऊक असते. ती बेडफर्ड होती, हेही काहींना ठाऊक असते. पण त्या आरंभीच्या काळात महामंडळाच्या ताफ्यात एकूण दहा बनावटीच्या गाड्या होत्या: शेव्हरोलेट, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, आल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट. ही यादी सावकाश वाचावी. तीन देशांतले कारखाने, डॉलर, पौंड आणि लिरा अशी तीन चलने, इंच आणि मिलिमीटर अशी दोन मापे. आल्बियनची क्लचप्लेट कॉमरला बसत नाही, फियाटचा नट बेडफर्डच्या पान्याने सुटत नाही. त्यात सप्टेंबर १९४९ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. पौंडही त्याच प्रमाणात उतरल्यामुळे इंग्लंडचा माल होता त्याच भावात राहिला, पण अमेरिकेचा एकदम महागला. म्हणजे एकाच आगारात शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांपैकी एक रातोरात दुसरीपेक्षा खर्चिक झाली. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या पनवेलहून बोरघाट चढणाऱ्या गाडीच्या चालकाला हे कोणी समजावून सांगितले नसेल. त्याला फक्त 'पार्ट आलेला नाही' एवढेच कळत असणार. पुढे लेलँड आणि टाटा या देशी जुळणीच्या गाड्यांवर एस.टी. स्थिरावली, याचे श्रेय आपण स्वदेशीच्या धोरणाला देतो. माझ्या मते दहा जातींच्या पान्यांचा कंटाळा हेही त्याचे तितकेच खरे कारण असावे.

खासगी मालकांना असा सामुदायिक उपाय नव्हता. १९४९ मध्ये पूर्ण तयार मोटारींची आयात बंद झाली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवले की, ज्यांच्याकडे येथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही अशा कंपन्यांनी नुसती जुळणी करत बसू नये. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. शिवडीत जोडल्या गेलेल्या शेव्हरोलेट गाड्या रस्त्यावर होत्याच, आणि त्या आता पोरक्या झाल्या.

१९५६ नंतर परकीय गंगाजळी झपाट्याने आटली आणि आयात परवान्याचे राज्य खऱ्या अर्थाने सुरू झाले. सरकार दर काही महिन्यांनी आयात धोरणाचे पुस्तक काढी. व्यापाऱ्यांत ते 'रेड बुक' म्हणून ओळखले जाई. पूर्वी आयात करत होते त्यांना त्यांच्या जुन्या व्यवहाराच्या प्रमाणात कोटा मिळे; कारखानदारांना ते स्वतः वापरणार तेवढ्यापुरता. ज्याला आपल्या एका गाडीसाठी एक भाग हवा आहे, असा माणूस या रचनेत बसतच नव्हता. त्याने ऑपेरा हाऊसच्या परिसरातील मोटारपार्टच्या दुकानांत जावे, कोट्यातून आलेला माल असेल तर दुकानदार सांगेल तो भाव द्यावा. या भावात वस्तूची किंमत किती, जकात किती आणि परवान्याची किंमत किती, हे वेगळे करणे अवघड होते. अॅन क्रूगर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात १९६४ सालासाठी असा अंदाज मांडला की, परवान्यांमुळे भारतात निर्माण होणारी अशी आयती मिळकत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के होती, आणि तिचा सर्वांत मोठा वाटा आयात परवान्यांचा होता. याच बाईंनी भारतातल्या मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यांवर एक स्वतंत्र पुस्तकही लिहिले (१९७५). वाचलेल्या प्रत्येक डॉलरमागे देशातली किती साधने खर्ची पडली, हा त्यातला प्रश्न, आणि कारखान्यागणिक उत्तर फार वेगवेगळे येत होते.

या काळाने मराठीला काही शब्द दिले. 'ओरिजिनल', 'डुप्लिकेट', 'लोकल', 'रिकंडिशन' हे गॅरेजातले शब्द घराघरांत गेले. 'डुप्लिकेट' या शब्दाचा गॅरेजातला उच्चार ऐकावा. त्यात फसवणुकीचा आरोप नसतो, ती मालाची एक प्रत असते, आणि कधीकधी शिफारसही. अनुवाद आणि मूळ कृती यांच्याविषयीच्या आपल्या चर्चांत हा समंजसपणा फारसा आढळत नाही. असो.

या शब्दांच्या मागे कारागीर होते. मटण स्ट्रीटच्या चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारात गाड्या उकलल्या जात. एकीचे यकृत दुसरीला बसे. मोठाल्या अमेरिकन गाड्यांची पेट्रोल इंजिने काढून तेथे डिझेल इंजिने बसवली जात. लेथवर कातून काढलेला दांडा मूळ दांड्याहून टिकाऊ निघाल्याच्या कथा प्रत्येक गावात आहेत. अलीकडे या कौशल्याचे भारी कौतुक करण्याची पद्धत पडली आहे, आणि ते कौतुक करणारे बहुधा त्या गाड्यांत बसलेले नसतात. हे कौशल्य खरे आहे. पण ते निवडलेले नव्हते. घाट उतरणाऱ्या गाडीच्या ब्रेकचा वायसर रबरी चपलेतून कापून घातला असेल, तर त्याला कल्पकता म्हणण्याआधी खाली दरी आहे हे आठवावे. दुसऱ्या बाजूने, हेही नाकारता येणार नाही की ही दारे बंद होती म्हणूनच येथे कारखाने उभे राहिले. पुण्याला नीलकंठराव कल्याणींनी १९६१ मध्ये भारत फोर्जची स्थापना केली. मोटारींचे क्रँकशाफ्ट घडवणारी ही कंपनी पुढे तेच परदेशी कारखान्यांना विकू लागली. याचा हिशेब चुकता करायला एक वाक्य पुरणार नाही, आणि क्रूगरबाईंचे पुस्तकही पुरत नाही.

मधली वर्षे भरभर ओलांडता येतील. जून १९६६ मध्ये डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. पुढच्याच वर्षी सुएझ कालवा बंद झाला आणि १९७५ पर्यंत बंदच राहिला, त्यामुळे युरोपातला माल आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागला. परवाना मिळालेल्यालाही आता वाट पाहणे आले. कुर्ल्याच्या फियाट ११०० चे सत्तरच्या दशकात 'पद्मिनी' झाले. १९९१ मध्ये सोने गहाण पडले आणि आयातीसाठी बँकेत मालाच्या किमतीच्या दुपटीपर्यंत रक्कम आधी अडकवून ठेवावी लागण्याची वेळ आली. ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला. परदेशी दुकानदाराचे बिल भागवायला सरकारची परवानगी लागू नये, ही १९३९ पूर्वीची स्थिती तेव्हा परत आली.

आता आपण नेऱ्याला येऊ. पनवेलच्या पूर्वेला, माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव कुष्ठरोग निवारण समितीच्या शांतिवनामुळे अनेकांना ठाऊक असते. समजा, या गावात कोणी १९५८च्या सुमाराची एक फियाट सांभाळून ठेवली आहे आणि तिच्या मागच्या दिव्याची काच फुटली आहे. पद्मिनीची काच तिला बसत नाही. काच तुरिनच्या एका दुकानदाराकडे आहे, असे कळते. रुपयाला आता अडकाठी नाही. तरी २०२० पासून बँकेचे कार्ड मुळात देशापुरतेच चालू असते. परदेशी व्यवहाराची मुभा मालकाने स्वतः उघडायची. २०१० च्या आरंभी पेपाल या कंपनीने भारतात येणारी-जाणारी वैयक्तिक देवघेव एकाएकी थांबवली होती. त्यामुळे पुष्कळ जुने हौशी संग्राहक त्या वाटेने आजही बिचकत जातात. दुकानदार भारतात माल पाठवायला राजी असला पाहिजे. काच जुनी, वापरलेली असेल तर प्रश्न आणखी अवघड, कारण वापरलेल्या वस्तूंची आयात परकीय व्यापार धोरणात निर्बंधित गटात मोडते; आणि साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचा अस्सल भाग बहुधा वापरलेलाच असतो. कुरियरला ओळखीची कागदपत्रे द्यावी लागतात. जकात आकारली जाते ती काचेच्या किमतीवर अधिक विमा अधिक वाहतूकखर्च यांच्या बेरजेवर. काच स्वस्त आणि पाठवणी महाग, अशा व्यवहारात माणूस मुख्यतः प्रवासावर कर भरतो. टपालाने मागवली तर ती बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनाच्या वाटेने येणार, आणि ती कपाशीच्या पेटीत बांधलेली आहे की नाही हे तेथे तपासणाऱ्याने पेटी उघडल्यावरच कळणार.

नेऱ्याहून तासाभराच्या अंतरावर न्हावा शेवा आहे. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या या बंदरात देशाच्या कंटेनर वाहतुकीचा फार मोठा हिस्सा उतरतो. त्यात मोटारींच्या कारखान्यांसाठी येणारे सुटे भागही असतातच. पनवेलच्या रस्त्यांवर दिवसरात्र ट्रेलरच्या रांगा असतात. त्यांपैकी कशातही ही एक काच नसते. चाळीस फुटी पेटीसाठी दलाल, बँक, विमा आणि जकात खाते यांची सवयीची घडी बसली आहे. अर्ध्या किलोच्या पुडक्यासाठी ती बसलेली नाही, आणि १९५८च्या कोट्याच्या काळाप्रमाणे आजही एका गाडीसाठी एक भाग मागणारा माणूस रचनेच्या बाहेरच उभा आहे.

२९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर, ऑक्टोबर २०२३ अखेर, ती रस्त्यावरून उतरली. तोवर कुर्ल्याच्या भंगारात जे सहज मिळे, तेही आता शोधावे लागते. त्यामुळे ज्यांच्या घरचे कोणी परदेशी आहे ते दुकानदाराला लेस्टरचा किंवा न्यू जर्सीचा पत्ता देतात. पैसे तिकडच्या कार्डावरून जातात, पुडके तिकडच्या घरी येते, आणि गणपतीला किंवा दिवाळीला कोणी इकडे येणार असेल तेव्हा ती काच स्वेटरात गुंडाळून बॅगेत ठेवली जाते.