दिवे व तापक, घरगुती विजेचे

घरातील उजेडासाठी आणि पाणी किंवा खोली तापविण्यासाठी वापरली जाणारी विजेची साधने. दिव्याची कार्यक्षमता दर वॉटला मिळणाऱ्या ल्यूमेनमध्ये मोजतात. तापकाची, खर्चलेल्या विजेच्या मानाने मिळालेल्या उष्णतेवरून.

दिवे : टंगस्टनच्या तारेचा बल्ब दर वॉटला सुमारे १० ते १५ ल्यूमेन देतो, ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जेची उष्णता होते. एलईडी बल्ब सुमारे १०० ल्यूमेन देत असल्याने ६० वॉटच्या जुन्या बल्बचे काम ९ वॉटमध्ये भागते. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. भारतात २०१५ च्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब स्वस्तात वाटले गेले.

सीएफएल : टंगस्टनचा बल्ब व एलईडी या दोहोंच्या मधला टप्पा, आत पारा असतो.

दिव्याची उष्णता : थंड देशांत, जिथे खोल्याही विजेनेच तापवतात, तिथे हिवाळ्यात टंगस्टनच्या बल्बची उष्णता वाया जात नाही, असे काही जण मानतात. युरोपीय संघाने २००९ पासून हे बल्ब टप्प्याटप्प्याने बंद केल्यावर जर्मनीत ते ‘हीटबॉल’ म्हणजे छोटे तापक म्हणून विकण्याचा प्रयत्न झाला. छताजवळची ही उष्णता कितपत उपयोगी, याबद्दल मतभेद आहेत. महाराष्ट्रात बहुतेक घरांत ती नकोशीच असते. एसी चालू असेल तर ती बाहेर काढायला आणखी वीज लागते.

गीझर : १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंश सेल्सियसवर न्यायला सुमारे ०.५२ युनिट वीज लागते. २ किलोवॉटच्या गीझरला साधारण १६ मिनिटे. कॉइलमधली जवळजवळ सगळी वीज पाण्यात उतरते. म्हणून साठवणीच्या गीझरवरचे कार्यक्षमतेचे तारे कॉइलवर नव्हे, तर टाकीतून २४ तासांत निसटणाऱ्या उष्णतेवर ठरतात. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो. त्याने बिल फुगते असा समज आहे, पण खरे नुकसान कॉइलचे होते: थराखाली ती तापत जाऊन जळते.

घरातला हिशोब असा चोख दिसला, तरी औष्णिक वीजकेंद्रात कोळशातील ऊर्जेच्या साधारण एक-तृतीयांशाचीच वीज होते. कॉइलने पाणी तापवण्याचा मुख्य तोटा तिथेच आहे, आणि गीझरवरच्या ताऱ्यांत तो दिसत नाही.

उष्णता पंप : हा तोटा बराचसा भरून काढतो; हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडत असल्याने एका युनिट विजेवर सुमारे तीन युनिट उष्णता देतो.