विक्रांतचा डेक प्लायवूडवर : प्रतिकृतीतून इतिहासाचा अभ्यास

भारताची पहिली विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी नौदलातून निवृत्त झाली. २००१ ते २०१२ या काळात ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती विकली गेली आणि दारूखान्यात मोडीत काढण्यात आली. म्हणजे तिचा डेक आता पाहता येत नाही. जबलपूरसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातही प्लायवूड, प्लॅस्टिक शीट, दोरा आणि मोजपट्टी मात्र सहज मिळते. या पाठात आपण त्या डेकच्या एका भागाची १:७२ प्रमाणातली प्रतिकृती आखू आणि त्यातून इतिहासाचे तीन प्रश्न सोडवू.

१. कोणत्या वर्षीचा डेक?

करवत हातात घेण्याआधी वर्ष ठरवा. संग्रहालयाच्या छायाचित्रांत डेकचे पुढचे टोक वर उचललेले दिसते. ही स्की-जंप सी हॅरिअर विमानांसाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस बसवली गेली आणि वाफेवर चालणारे कॅटापल्ट काढण्यात आले. १९७१ च्या युद्धात डेकचे पुढचे टोक सपाट होते आणि त्यावर सी हॉक व आलिझे ही विमाने होती. स्की-जंपवर सी हॉक ठेवलात, तर कधीच अस्तित्वात नसलेला डेक तयार होईल. जहाज एकच असले तरी पुरावा कोणत्या काळाचा आहे, हे तपासावेच लागते. आपण १९७१ हे वर्ष घेऊ.

२. डेक तिरका का?

हे जहाज ब्रिटनमध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने बांधायला घेतले गेले आणि सप्टेंबर १९४५ मध्ये त्याचे जलावतरण झाले. महायुद्ध संपल्याने काम थांबले. भारताने १९५७ मध्ये ते विकत घेतले, बेलफास्टमध्ये ते पूर्ण झाले आणि ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झाले.

मधल्या वर्षांत जेट विमाने आली. त्यांच्यासाठी ब्रिटिश नौदलात तिरका डेक, वाफेचे कॅटापल्ट आणि उतरताना दिशा दाखवणारा आरसा विकसित झाला. या तिन्ही गोष्टी विक्रांतला मिळाल्या. काम रखडले नसते, तर ती सरळ डेकचीच राहिली असती. प्रतिकृतीत उतरण्याची पट्टी डावीकडे तिरकी आखा. विमान अडवणाऱ्या तारा जहाजाच्या अक्षाला नव्हे, तर या पट्टीला काटकोनात लावा.

३. जागेचे गणित

जहाजाची लांबी सुमारे २१३ मीटर. १:७२ प्रमाणात ती जवळपास ३ मीटर होईल, म्हणून एक भागच घ्या. ६० सेंटिमीटरच्या फळीवर ४३ मीटर डेक बसतो. सी हॉकचे पंख उघडे असताना रुंदी ११.९ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत १६.५ सेंटिमीटर; मिटलेले असताना ४.१ मीटर, म्हणजे ५.७ सेंटिमीटर. एका उघड्या विमानाच्या रुंदीत जवळपास तीन मिटलेली विमाने मावतात. विमाने फळीवर सरकवून पाहा. प्रत्येक उड्डाणाआधी डेकवर किती हलवाहलव करावी लागत असेल, ते हाताला कळते.

४. वारा कुठून?

१९७१ मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे तिचा वेग मर्यादित होता. उड्डाणाला लागणारा वेग कॅटापल्ट आणि डेकवरचा समोरून येणारा वारा मिळून देतात. जहाजाचा वेग घटला की हा वारा घटतो. तरीही ४ डिसेंबरपासून तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. म्हणून उड्डाणाचा प्रसंग दाखवताना ध्वज आणि धूर दोन्ही मागच्या बाजूला जाताना दाखवा, कारण उड्डाणाच्या वेळी जहाज वाऱ्याला सामोरे जाते.

पुस्तकातल्या एका ओळीत न दिसणाऱ्या अडचणी प्रतिकृतीत दिसतात. मूळ वस्तू मोडीत गेल्यावर अशी अचूक प्रतिकृतीही अभ्यासाचे साधन ठरते. मात्र प्रत्येक भाग कोणत्या पुराव्यावरून केला, याची नोंद सोबत ठेवा.

स्वाध्याय

१. जहाजाचा वेग १६ नॉट आणि समोरचा वारा ६ नॉट मानल्यास डेकवरचा वारा किती?
२. आलिझेचा पंखविस्तार १५.६ मीटर आहे. १:७२ प्रमाणात तो किती होईल?
३. स्की-जंप बसवल्यावर आलिझे विक्रांतवरून का उडू शकले नसते? कारण लिहा.