लिनक्सने आपल्या जन्मयंत्राचा निरोप घेतला तेव्हा

१/ डिसेंबर २०१२. ज्या प्रोसेसरवर लिनक्सचा जन्म झाला, त्याच प्रोसेसरसाठी लिनक्सने आपले दार बंद केले. तो प्रोसेसर म्हणजे इंटेल ३८६. हा निर्णय का झाला आणि त्याचा अर्थ काय, ते पाहू. #थ्रेड

२/ इंटेलने ८०३८६ ऑक्टोबर १९८५ मध्ये आणला. ट्रान्झिस्टर सुमारे २,७५,०००, रचना ३२ बिटांची. मेमरीची पाने पाडून प्रत्येक कामाला स्वतंत्र जागा देण्याची सोय इंटेलच्या या घराण्यात प्रथम त्यातच आली.

३/ जानेवारी १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी ३८६ चा संगणक घेतला. वेग ३३ मेगाहर्ट्झ, मेमरी ४ एमबी. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांनी आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची वार्ता दिली. हा केवळ छंद आहे, असेच तेव्हा त्यांचे म्हणणे होते.

४/ पुढे लिनक्स महासंगणकांपर्यंत आणि अँड्रॉइड फोनपर्यंत पोहोचले. ३८६ मात्र होता तसाच राहिला. मेमरीतील मूल्य तपासून ते त्याच अखंड क्रियेत बदलणारी सूचना १९८९ च्या ४८६ मध्ये आली. अनेक प्रोसेसर एकत्र काम करतात तेथे ती अत्यावश्यक. ३८६ कडे ती नव्हती.

५/ आणखी एक उणीव होती. केवळ वाचनासाठी राखलेल्या पानावर खुद्द कर्नल लिहू लागला, तर ३८६ त्याला अडवीत नसे. ती राखण कर्नलला स्वतःच करावी लागे. परिणामी मूळ यंत्रणेत बदल करताना दर वेळी ३८६ साठी वेगळी वाट ठेवणे भाग पडे.

६/ इंटेलने ३८६ चे उत्पादन २००७ मध्येच थांबवले होते. अखेर इंगो मोल्नार यांनी ही वाट काढून टाकणारा बदल सादर केला. टोरवाल्ड्स यांचा १९९१ चा संगणकही यापुढे नवे लिनक्स चालवू शकणार नाही, हेही त्यांनी नमूद केले. आपण भावुक नाही, असे सांगून टोरवाल्ड्स यांनी बदल स्वीकारला. फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ आवृत्तीत ३८६ उरला नाही.

७/ जुनी यंत्रे त्या दिवशी बंद पडली नाहीत. ३.७ पर्यंतची आज्ञावली खुली आहे. ती आजही ३८६ साठी तयार करता येते. थांबली ती देखभाल : नव्या त्रुटींवरील दुरुस्त्या आता ज्याच्या त्यानेच कराव्या लागतात.

८/ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे अनेक धडधाकट संगणक मागे राहिले. तेथे आज्ञावली बंदिस्त असल्याने ती दुरुस्त करण्याचा मार्ग मालकाला उपलब्ध नाही. आधार दोन्हीकडे संपला. ३८६ च्या मालकाहाती मात्र निदान आज्ञावली उरली. (समाप्त)