धावती मोटार, थांबणारी फिल्म

अष्टमीहून रोह्याकडे येताना कुंडलिकेच्या पुलाशी उभे राहून आम्ही एकदा धावत्या मोटारीचा फोटो काढला. पुलाचा कठडा स्वच्छ आला, मोटारीचा मात्र नुसता पट्टा! ताशी ३६ किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला १० मीटर जाते. शटर १/३२ सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात ती सुमारे ३१ सेंटिमीटर सरकलेली असते.

जुन्या, हाताने फिरवायच्या सिनेमा-कॅमेऱ्यात एका चित्राला साधारण एवढाच वेळ मिळे. सेकंदाला सुमारे १६ चित्रे, आणि निम्मा वेळ शटर बंद. कारण फिल्म तेव्हाच पुढे ओढायची. शटर उघडताना ती अगदी स्थिर हवी. घरी कॅमेरा करणाऱ्याची खरी परीक्षा भिंगात नसून या थांबण्या-सरकण्यात असते.

१९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आल्यावर कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊबंद आनंदराव यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला. प्रोजेक्टरमध्येही फिल्म अशीच थबकत जाते, त्यामुळे शिकायला तो उत्तम गुरू. पण कॅमेरा पुरा होण्याआधीच, १९१६ मध्ये, आनंदराव वारले. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने १९१८ मध्ये तो चालता केला. १९२० चा 'सैरंध्री' त्याचेच फळ.

पुलावर दुसऱ्या खेपेला आम्ही कॅमेरा मोटारीबरोबर वळवत नेला. मोटार स्पष्ट आली. पट्टा झाला तो कठड्याचा.