खबर कोणीं द्यावी?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर किंवा जुन्या पेटींत खंडाच्या हिशेबाची एखादी वही अजून पडलेली असेल. आमच्याहि घरीं एक आहे. कोणत्या कुळाकडून किती मण भात आलें, किती बाकी राहिलें, हें सर्व तींत वळणदार अक्षरांत लिहिलेलें आहे. एका पानावर कुळाच्या नांवावर आडवी रेघ मारून बाजूस ‘मयत’ एवढा एकच शब्द लिहिला आहे. त्याखालीं मुलाचें नांव नाहीं, तारीख नाहीं, आणि पुढील पानें दुसऱ्याच नांवानें चालू होतात. जमिनीचा हिशेब पुढें चालला. त्या घराचें काय झालें, हें सांगण्याची वहीला गरज वाटली नाहीं.

कुळाच्या किंवा मालकाच्या घरीं मृत्यु, वांटणी, वयांत येणें असा कांहीं पालट झाला, म्हणजे तो कागदावर कोणीं आणावा व दुसऱ्या पक्षास कोणीं कळवावा? प्रश्न दिसण्यांत कारकुनी आहे. परंतु आमच्या इकडे ह्या प्रश्नाच्या उत्तरावर पिढ्यान् पिढ्यांची शेतें टिकलीं आहेत आणि गेलींहि आहेत. म्हणून त्याचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभ सावकाराच्या कागदापासून करावा लागतो. इ. स. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं दंगा केला व तो पुणें आणि नगर जिल्ह्यांतील इतर गांवांत पसरला. जमावाचा मुख्य रोख सावकाराच्या दप्तरावर होता. कर्जरोखे हिसकावून घ्यावयाचे व जाळावयाचे, हा त्यांचा क्रम. जो कागद आपल्याला वाचतां येत नाहीं आणि ज्यावर आपला अंगठा आहे, त्याची भीति ह्या आगींतून स्पष्ट दिसते. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यांत कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्यास पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास खातेंपुस्तक देण्याचें बंधन सावकारावर घालण्यांत आलें. ज्याला अक्षर येतें त्यानें अक्षर न येणाऱ्यास कागद करून द्यावा, हें तत्त्व येथें प्रथमच इतक्या ठळकपणें मान्य झालें. तें जमीनमालकास लागू होण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

१९०३ सालीं मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणीचा कायदा झाला व १९१३ मध्यें तो जमीनमहसुलाच्या कायद्यांत समाविष्ट झाला. आज ज्याला आपण सातबारा म्हणतों व ज्या वहीस फेरफार म्हणतों, त्यांचें मूळ ह्या व्यवस्थेंत आहे. वारसानें, खरेदीनें, गहाणानें किंवा पट्ट्यानें ज्याला जमिनींत हक्क प्राप्त होईल, त्यानें तीन महिन्यांच्या आंत तोंडी किंवा लेखी वर्दी द्यावी व तिची पोंच गांवकामगारानें द्यावी, असा नियम होता. तोंडी वर्दी चालेल, ही सवलत निरक्षरांकरितांच होती आणि ती शहाणपणाची होती. तथापि वर्दी देण्याचा भार ज्याला हक्क मिळाला त्याच्यावर होता. बाप मेला, तर कुळाच्या मुलानें चावडीवर जावें. तो न गेला तर मालकानें कांहीं करण्याचें कारण नव्हतें. किंबहुना कुळाची नोंद न होण्यांतच मालकाचा फायदा होता. आमच्या वहींतील रेघेचा अर्थ आम्ही आतां असाच लावतों.

हा भार दुसऱ्या बाजूस सरकविण्याचें काम १९३९ च्या व विशेषतः १९४८ च्या कूळकायद्यानें केलें. ह्या कायद्यानें व त्याच्या पुढील दुरुस्त्यांनीं तीन गोष्टी ठरविल्या. पहिली ही कीं, खंड घेतांच त्याच वेळीं लेखी पावती देणें हें मालकाचें कर्तव्य. दुसरी, कूळ मरण पावल्यास त्याच्या वारसांपैकीं जे जमीन करण्यास राजी असतील त्यांच्याकडे मालकानें पूर्वीच्याच अटींवर कुळवहिवाट चालू ठेविली आहे, असें कायद्यानें धरून चालावें. तिसरी गोष्ट राजीनाम्याची. कुळानें जमीन सोडावयाची तर ती लेखी सोडावी, आणि तें लिहिणें त्यानें खरोखरच आपल्या खुषीनें केलें आहे अशी मामलेदारानें खातरी करून घ्यावी.

नियम चांगले होते. पण कागद जितका सोपा तितका तो वांकविण्यासहि सोपा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनें १९५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत वि. म. दांडेकर आणि खुदानपूर ह्यांनीं दाखवून दिलें कीं, कायदा झाल्यानंतरच्या वर्षांत ‘स्वखुषीच्या’ राजीनाम्यांनीं पुष्कळ कुळांच्या जमिनी मालकांकडे परत गेल्या होत्या. ज्यानें सात पिढ्या नांगर धरला, तो कायद्यानें हात दिल्याबरोबर आपण होऊन नांगर खालीं ठेवतो, ही खुषी कोणत्या प्रकारची, हें वाचकांस सांगावयास नको.

त्यानंतर १९५६ ची दुरुस्ती आली. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला व त्या दिवशीं जमीन कसणारें कूळ कायद्यानेंच तिचें खरेदीदार मानलें गेलें. येथें एक अपवाद ठेवण्यांत आला, आणि तो दयेचा होता. मालक अज्ञान असेल, विधवा असेल किंवा अपंग असेल, तर ती खरेदी पुढें ढकलावी. पोरक्या मुलाचें किंवा निराधार बाईचें एकुलतें एक साधन एका दिवसांत काढून घेऊं नये, हा हेतु कोणीहि मान्य करील. मुलगा वयांत आल्यावर किंवा विधवेचा हक्क संपल्यावर मालकाकडील माणसास स्वतः कसण्यासाठीं जमीन मागण्यास एक वर्ष. तें संपल्यावर कुळास खरेदीचा हक्क बजावण्यास आणखी एक वर्ष. त्या वर्षांत कुळानें मालकास व न्यायाधिकरणास आपली इच्छा कळविली पाहिजे, न कळविल्यास हक्क गेला.

ह्या योजनेंतील छिद्र पाहावें. विधवा मालकीण पुण्यास किंवा मुंबईस मुलाकडे राहत आहे, जमीन कोंकणांत आहे, आणि खंड मध्यस्थामार्फत जात आहे. बाई शहरांत वारली हें कुळाला कसें कळावें? वारसांनीं आपली वारसनोंदहि कित्येकदां वर्षानुवर्षें केलेली नसते. मग चावडीवर तरी काय लागणार? कूळ बिचारें पेरणी करतें, कापणी करतें, आणि दोन वर्षांचें घड्याळ दुसऱ्याच्या घरांत चालूं असतें. तें बंद पडल्यावर त्याला सांगण्यांत येतें कीं, तुझी मुदत संपली.

१९६९ च्या दुरुस्तीनें हें छिद्र अर्धें बुजविलें: अज्ञान मालक वयांत आला म्हणजे त्यानें तें कुळास कळविलें पाहिजे, असें ठरलें. विधवेच्या वारसांचा उल्लेख मात्र तेथें राहून गेला. १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शब्दाला धरून असा निकाल दिला कीं, विधवा मालकीण वारल्याचें कुळास ठाऊक असो वा नसो, मुदत ती मुदत. पुढें वीस वर्षांनीं, सप्टेंबर २०१९ मध्यें, त्याच न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनीं तो निर्णय मागें सारला. विधवेचा हक्क संपल्याची खबर तिच्या वारसानें कुळास दिली पाहिजे, म्हणजेच कुळाला आपला खरेदीचा हक्क बजावतां येईल, असा अर्थ त्यांनीं त्या कलमांत वाचला. कृषक दिनास तोंवर बासष्ट वर्षें झालीं होतीं.

कोणी म्हणेल, न्यायालयानें कायद्यांत नसलेले शब्द घातले. ह्या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण दोन्ही पारडीं तोलून पाहावीं. एका पारड्यांत वारसाच्या चार ओळींच्या पत्राचा त्रास आहे. दुसऱ्यांत एका कुटुंबाची भाकरी. शिवाय मृत्यूची तारीख ज्याच्या घरांत घडली, त्याला ती ठाऊक असते. ज्याच्यापाशीं खबर आहे त्यानेंच ती द्यावी, हा न्याय १८७९ च्या पावतीपासून चालत आलेला आहे. २०१९ मध्यें त्याची राहिलेली बाकी चुकती झाली, इतकेंच.

आम्ही शिकलेले लोक कागदाला कोरडा समजतों. तो कोरडा असतो, कारण आपल्या बाजूनें तो नेहमीं भरलेला असतो. पुढच्या वेळीं माळा झाडतांना खंडाची वही हातीं लागली, तर वाचकांनीं ती रद्दींत टाकण्यापूर्वीं एकदां उघडावी आणि एखाद्या नांवावरील रेघेपाशीं थांबावें. त्या रेघेच्या पलीकडेहि एक घर होतें, आणि त्या घरीं कोणी खबर दिली होती काय, एवढें मनाशीं विचारावें.