तळटीप १४ : दोशी

१४. बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी (पुणे, २६ ऑगस्ट १९२७ – अहमदाबाद, २४ जानेवारी २०२३), वास्तुशिल्पकार. २०१८च्या प्रित्झकर पारितोषिकाचे मानकरी. दुधनी (ता. अक्कलकोट, जि. सोलापूर) येथील माळवदी घरांचे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दाबून सपाट छत केलेल्या घरांचे, वर्णन करताना लेखकाने त्यांचे नुसते आडनाव घेतले आहे, रोख इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीकडे आहे. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून दोशींनी १९५१ ते १९५४ या काळात पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली काम केले, १९६२ मध्ये अहमदाबादेत वास्तुकलेचे विद्यालय सुरू केले आणि १९७८ मध्ये स्थापन केलेल्या ‘वास्तुशिल्प फाउंडेशन’मधून घरबांधणीला समाजाच्या अभ्यासाची जोड दिली. या संस्थेने कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाबरोबर इंदूरच्या झोपडवस्त्यांची पाहणी केली, तेव्हा ओटे, दारापुढची झाडे, रस्त्याकडेची दुकाने आणि घरातच चालणारे धंदे यांची रीतसर मोजमापे घेऊन नकाशे काढण्यात आले. म्हणूनच ‘अरण्य’मध्ये गरीब कुटुंबांना पुरे घर न देता मुख्यतः जोते, संडास-न्हाणी व नळ-विजेची सोय एवढेच देऊन उरलेले बांधकाम ऐपतीप्रमाणे वाढवण्याची मुभा ठेवली गेली. लेखकाची तुलना मात्र ओटा आणि टप्प्याटप्प्याने वाढणारे घर एवढ्यापुरतीच घ्यावी. ‘अरण्य’चे बांधकाम विटा व काँक्रीटचे असून माळवदाशी त्याचा संबंध नाही.